डायलिसिस यंत्रे वाढली. ती चालू कोण ठेवणार?

जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात नवे डायलिसिस केंद्र सुरू होते, तेव्हा बातमीत यंत्रांची संख्या हमखास असते. पाच यंत्रे, दहा यंत्रे, अमुक कोटींचा निधी. दोन वर्षांनी त्यांपैकी किती यंत्रे रोज तीन पाळ्यांत चालतात आणि किती कोपऱ्यात कापड टाकून ठेवली आहेत, हे मात्र कुठे छापून येत नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णासाठी हाच आकडा सर्वांत महत्त्वाचा असतो.

गेल्या दशकात देशात डायलिसिसची सोय झपाट्याने वाढली, हे मान्यच करायला हवे. २०१६-१७च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली. देशात दरवर्षी मूत्रपिंड पूर्ण निकामी झालेल्या सुमारे २ लाख २० हजार नव्या रुग्णांची भर पडते, एका डायलिसिसला सुमारे २ हजार रुपये लागतात आणि कुटुंबाचा वर्षाचा खर्च ३ लाखांवर जातो, असे तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी तेव्हा सांगितले होते. आज हा कार्यक्रम सर्व राज्यांत पोहोचला असून सातशेहून अधिक जिल्ह्यांत सरकारी पातळीवर डायलिसिस मिळते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतूनही हा उपचार मिळतो. यंत्रे आली, पैशांचीही काही सोय झाली. पुढचा प्रश्न यंत्र बिघडल्यानंतरचा आहे आणि त्याचे उत्तर यंत्राइतकेच करारात, पाण्यात आणि माणसांत दडलेले आहे.

एक पाळी चुकली तर?

एक्स-रे यंत्र दोन दिवस बंद राहिले तर बहुतेक रुग्ण थांबू शकतात. डायलिसिसचा रुग्ण थांबू शकत नाही. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, दर वेळी साधारण चार तास, हा त्याच्या जगण्याचा क्रम असतो. दोन डायलिसिसच्या मध्ये शरीरात पाणी आणि पोटॅशियम साठत जाते. पाणी वाढले की पायांवर सूज येते, मग फुफ्फुसात पाणी होऊन धाप लागते. पोटॅशियम वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि अनेकदा त्याची आगाऊ सूचनाही मिळत नाही.

हे अंतर किती घातक ठरू शकते, याचा अंदाज अमेरिकेतील सुमारे ३२ हजार रुग्णांच्या अभ्यासातून येतो. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०११ साली तो प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांना एकदा दोन दिवसांची मोठी सुटी पडते. त्या सुटीनंतरच्या दिवशी मृत्यूचे प्रमाण इतर दिवसांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळले. ही सुटी वेळापत्रकातली, ठरलेली होती. यंत्र बंद पडल्याने तीच तीन-चार दिवसांची झाली, तर धोका कुठे जाईल हे वेगळे सांगायला नको.

म्हणूनच दहापैकी दोन यंत्रे बंद असणे म्हणजे फक्त वीस टक्के क्षमता कमी होणे नव्हे. त्या दोन यंत्रांवरचे रुग्ण उरलेल्या आठ यंत्रांवर बसवायचे, तर चार तासांचा डायलिसिस साडेतीन किंवा तीन तासांवर आणावा लागतो किंवा रात्री उशिराची पाळी सुरू करावी लागते. दोन पाळ्यांमध्ये यंत्र आतून निर्जंतुक करायला लागणारा वेळही मग घाईत उरकण्याचा मोह होतो. एका यंत्राच्या बिघाडाची किंमत अशा रीतीने केंद्रातला प्रत्येक रुग्ण थोडी थोडी चुकवतो.

अलार्म वाजला म्हणजे यंत्र बिघडले का?

डायलिसिस यंत्र ढोबळमानाने दोन कामे करते. एका बाजूला ते रुग्णाच्या हातातील फिस्टुलातून मिनिटाला साधारण २५० ते ३०० मिलिलिटर रक्त बाहेर काढून डायलायझरमधून फिरवते आणि परत शरीरात सोडते. दुसऱ्या बाजूला शुद्ध पाण्यात दोन प्रकारची द्रावणे ठरलेल्या प्रमाणात मिसळून ते डायलिसेट तयार करते, शरीराच्या तापमानाइतके गरम करते आणि डायलायझरच्या पातळ पडद्यापलीकडून वाहते ठेवते. या दोन्ही बाजूंवर यंत्राची सतत नजर असते. रक्तात हवेचा बुडबुडा शिरला, पडदा फाटला, द्रावणाचे प्रमाण चुकले, तापमान वाढले, दाब बदलला की अलार्म वाजतो आणि यंत्र रक्त किंवा द्रव रुग्णापर्यंत जाऊ देत नाही. अलार्म वाजणे म्हणजे अनेकदा यंत्र नीट काम करत असल्याचे लक्षण असते.

अनुभवी टेक्निशियन पहिला प्रश्न विचारतो, तो कोडचा नसतो. हा त्रास एकाच यंत्रावर आहे, सगळ्या यंत्रांवर आहे, की एकाच रुग्णाला प्रत्येक यंत्रावर होतो? एकाच यंत्रावर असेल तर दोष बहुधा त्या यंत्रात असतो. सगळ्या यंत्रांनी एकाच सकाळी तक्रार सुरू केली, तर पाण्याचा प्लांट, वीज किंवा द्रावणाचा नवा लॉट तपासायला हवा. रुग्ण तोच आणि यंत्र बदलूनही दाबाचा अलार्म येत असेल, तर फिस्टुला किंवा सुईची जागा डॉक्टरांनी पाहायला हवी. या एका प्रश्नाने कंपनीच्या इंजिनीअरला केलेले कित्येक फोन वाचू शकतात.

रक्ताच्या बाजूचे बरेच अलार्म यंत्राचे नसतातच. नळीला पीळ पडलेला असतो, रुग्णाने हात दुमडलेला असतो, सुई शिरेच्या भिंतीला टेकलेली असते किंवा रक्ताची गुठळी होऊ लागलेली असते. हवेच्या अलार्मचे कारण कधी खरोखर हवा असते, तर कधी सेन्सरवर वाळलेला रक्ताचा किंवा औषधाचा थेंब. सेन्सर पुसल्याने अलार्म थांबला तर ठीकच. पण हवा नाही याची खात्री करण्याआधी अलार्म दाबून पुढे जाणे जिवावर बेतू शकते.

दाब मोजणाऱ्या नळीच्या टोकाला बसवलेली छोटी गाळणी हे आणखी एक दुर्लक्षित ठिकाण. ती रक्ताने भिजली की दाबाचा आकडा चुकतो. त्याहून गंभीर म्हणजे, रक्त गाळणीपलीकडे गेले तर यंत्राचा आतला भाग दूषित होतो आणि कावीळ ब किंवा क एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाण्याची वाट तयार होते. अशा वेळी गाळणी बदलून काम संपत नाही. आतली बाजू उघडून पाहावी लागते आणि निर्जंतुक करावी लागते. दुरुस्ती आणि संसर्ग नियंत्रण ही दोन खाती इथे वेगळी राहत नाहीत.

'कंडक्टिव्हिटी'चा अलार्म

डायलिसिस केंद्रात वारंवार कानावर पडणारा शब्द म्हणजे 'कंडक्टिव्हिटी', अर्थात द्रवाची विद्युतवाहकता. द्रवात क्षार किती आहेत, हे यंत्र त्यावरून ओळखते. हा आकडा साधारण १४ मिलिसिमेन्सच्या आसपास असावा लागतो. द्रव फार पातळ झाला तर रक्तातल्या तांबड्या पेशी पाणी शोषून फुटतात. फार तीव्र झाला तर पेशी आकसतात, रक्तातील सोडियम वाढते आणि मेंदूवर परिणाम होतो. म्हणून मर्यादा ओलांडताच यंत्र तो द्रव डायलायझरकडे न पाठवता बाहेर टाकते.

हा अलार्म आल्यावर तपासणी सोप्याकडून अवघडाकडे जाते. कॅन रिकामा झाला आहे का? आम्ल द्रावण आणि बायकार्बोनेट यांच्या नळ्यांची अदलाबदल झाली आहे का? बायकार्बोनेटची पावडर पूर्ण विरघळली होती का? नळीच्या टोकाची रबरी रिंग झिजून तिथून हवा ओढली जाते आहे का? गाळणी तुंबली आहे का? बऱ्याच वेळा दोष याच टप्प्यावर सापडतो आणि दुरुस्तीला लागते ती काही रुपयांची रिंग. इथे काही मिळाले नाही, तरच यंत्राच्या आतील द्रावण ओढणारा पंप, झडपा आणि मोजणारा सेन्सर यांकडे वळायचे.

सेन्सर बिघडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे बायकार्बोनेट आणि कॅल्शियम एकत्र आल्यावर बसणारा पांढरा थर. पाण्याच्या पिंपात किंवा गिझरमध्ये जमतो तसाच हा थर नळ्यांत, झडपांत आणि सेन्सरवर चढतो. त्यासाठी सायट्रिक आम्लासारख्या द्रावणाने यंत्र नियमित धुवायचे असते. पाळ्या वाढल्या, माणसे कमी पडली की आधी हेच धुणे टळते. महिन्याभराने मग वेगवेगळे अलार्म येऊ लागतात आणि 'यंत्रच खराब निघाले' असा शेरा पडतो.

या अलार्मभोवतीची सर्वांत धोकादायक पळवाट म्हणजे कारण न शोधता यंत्राचा आकडाच जुळवून घेणे. त्याला कॅलिब्रेशन म्हणत नाहीत. खरे कॅलिब्रेशन करायचे, तर स्वतंत्र आणि स्वतः प्रमाणित केलेल्या मीटरने द्रव मोजावा लागतो. यंत्राचा सेन्सर चुकत असेल आणि त्याच सेन्सरवर विश्वास ठेवून प्रमाण बदलले, तर पडद्यावर सगळे हिरवे दिसते आणि रुग्णाच्या रक्ताला चुकीचा द्रव मिळत राहतो. काही हजारांचा हातात धरायचा मीटर आणि त्याची नोंदवही ही म्हणून प्रत्येक केंद्राची अत्यावश्यक साधने आहेत.

वजनकाटाही दोष सांगतो

सगळेच बिघाड अलार्म वाजवत येत नाहीत. रुग्णाच्या शरीरातून किती पाणी काढायचे हे यंत्राला सांगितले जाते आणि आत जाणारा व बाहेर येणारा द्रव तंतोतंत मोजून यंत्र ते काढते. या मोजमापाच्या झडपा झिजल्या तर यंत्र दोन लिटर दाखवते आणि प्रत्यक्षात दीड किंवा अडीच लिटर निघते. कमी निघाले तर धाप उरते, जास्त निघाले तर रक्तदाब कोसळतो आणि पायात गोळे येतात.

हा दोष पकडण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. एक लिटर पाणी म्हणजे साधारण एक किलो वजन. डायलिसिसच्या आधीचे आणि नंतरचे वजन, मधल्या वेळात खाल्ले-प्यायले ते आणि यंत्राने दाखवलेला आकडा यांचा मेळ बसला पाहिजे. एखाद्या रुग्णाचा मेळ एकदा बसला नाही तर कारणे अनेक असू शकतात. पण चार नंबरच्या यंत्रावर बसणाऱ्या प्रत्येकाचा हिशेब रोज एकाच दिशेने चुकत असेल, तर त्या यंत्राची तपासणी व्हायलाच हवी. ही गोष्ट फक्त नोंदवही सांगू शकते आणि तीही रुग्णाच्या नावासोबत यंत्राचा क्रमांक लिहिलेला असेल तरच.

पाणी हा यंत्राचाच भाग

एका डायलिसिसमध्ये मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने चार तासांत १२० लिटर द्रव रुग्णाच्या रक्ताशेजारून वाहतो. आठवड्यात तीनदा म्हणजे ३६० लिटर. आपण पितो ते पाणी आतडे आणि मूत्रपिंडे गाळून घेतात. इथे मध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. म्हणून पिण्यायोग्य पाणी डायलिसिसयोग्य नसते. सॉफ्टनर, कार्बन फिल्टर आणि आरओ या साखळीतून ते जावे लागते.

ही साखळी तुटल्यावर काय होते, ते ब्राझीलमधील कारुआरू शहराने १९९६ साली पाहिले. तिथल्या एका केंद्रात टँकरने आलेल्या, नीट शुद्ध न झालेल्या पाण्यातून शेवाळजन्य विष रुग्णांच्या रक्तात गेले. सुमारे १३० पैकी ११६ रुग्णांना त्रास झाला आणि यकृत निकामी होऊन पन्नासच्या आसपास मृत्यू झाले. यंत्रांतील रक्ताचे पंप, हवेचे सेन्सर किंवा तापमान यांचा तिथे दोष नव्हता. यंत्र पाण्यातील क्षार मोजते. विष, जिवाणू किंवा क्लोरिन ओळखत नाही.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे, हे ऋतुमानच सांगते. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. सॉफ्टनरला वेळेवर मीठ मिळाले नाही तर आरओचे पडदे लवकर तुंबतात. उन्हाळ्यात नळ आटला की टँकर येतो आणि पाण्याचा स्रोत दर आठवड्याला बदलू शकतो. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा टंचाईत रुग्णालयाच्या टाकीत येणारे पाणी कुठले, हा प्रश्न डायलिसिस विभागासाठी उपचाराचा प्रश्न असतो. पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की पालिका क्लोरिनचे प्रमाण वाढवते. पिणाऱ्यांसाठी ते योग्यच. पण कार्बन फिल्टर थकलेला असेल तर ते क्लोरिन आणि त्याची संयुगे पुढे सरकतात आणि रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार डायलिसिसच्या पाण्यात एकूण क्लोरिन लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. ही चाचणी काही मिनिटांची असते आणि ती प्रत्येक पाळीआधी व्हायला हवी. पाण्यातील जिवाणू आणि त्यांचे विष यांची प्रयोगशाळेतील तपासणी वेगळी आणि ठरावीक काळाने करायची असते.

दुरुस्ती अडते कुठे?

केंद्र सरकारने २०१५ मध्ये जैववैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू केला. त्याआधी झालेल्या मोजदादीत देशभरातील २९ हजारांहून अधिक सरकारी आरोग्यसंस्थांतील साडेसात लाखांहून अधिक उपकरणे नोंदली गेली. राज्याराज्यांत त्यांतील १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली. त्यानंतर जिल्हा रुग्णालयांतील उपकरणे ९५ टक्के काळ चालू राहावीत, असे उद्दिष्ट ठरले.

उपकरणे बंद राहण्यामागे तांत्रिक गुंतागुंतच असते असे नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे रॉबर्ट माल्किन आणि सहकाऱ्यांनी गरीब देशांतील रुग्णालयांमधून आलेल्या अडीच हजारांहून अधिक दुरुस्त्यांची माहिती तपासली. २०१०च्या त्या अभ्यासानुसार सुमारे दोन तृतीयांश उपकरणे परदेशातून सुटे भाग न मागवता, मर्यादित आणि शिकवता येण्याजोग्या कौशल्यांवर पुन्हा चालू करता येत होती. वीजजोडणी, नळ्या, मोटर, स्वच्छता, वापरणाऱ्याचे प्रशिक्षण अशा स्वरूपाची ती कौशल्ये होती. डायलिसिस यंत्र त्यातील बहुतेक उपकरणांपेक्षा गुंतागुंतीचे आहे. तरीही झिजलेली रिंग आणि तुंबलेली गाळणी हा अनुभव तिथेही परका नाही.

आपल्याकडे गाडे पहिल्यांदा अडते ते करारावर. वॉरंटी संपल्यावर देखभालीचे दोन प्रकार असतात. साध्या वार्षिक करारात इंजिनीअरची भेट मिळते, सुट्या भागांचे पैसे वेगळे. सर्वसमावेशक करारात भागही येतात. यंत्र घेताना सर्वांत कमी किमतीची निविदा निवडली आणि पुढच्या पाच-सात वर्षांच्या देखभालीचा दर त्यात बांधून घेतला नाही, तर स्वस्त यंत्र पुढे महाग पडते. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून, लोकप्रतिनिधींच्या निधीतून किंवा देणगीतून आलेल्या यंत्रांचे हाल अधिक होतात. खरेदीसाठी पैसे मिळतात. सुट्या भागासाठी कोणत्या शीर्षाखाली खर्च टाकायचा, यावर फाइल फिरत राहते. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे आली की एकाचा भाग दुसऱ्याला चालत नाही.

दुसरा अडसर माहितीचा. यंत्रातील सेवा मेनू पासवर्डखाली असतो, दुरुस्तीची सविस्तर पुस्तिका अनेकदा फक्त अधिकृत इंजिनीअरकडे असते आणि तो मुंबई-पुण्यात बसतो. नंदुरबार किंवा गडचिरोलीतील केंद्राला त्याची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, तेव्हा शेतीची यंत्रे, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. ट्रॅक्टर त्यात आहे, डायलिसिस यंत्र नाही.

उत्पादकांचा आक्षेपही ऐकून घ्यायला हवा. कोणीही उघडून जोडलेले यंत्र रुग्णाच्या रक्ताला लावायचे का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये या वादाचा आढावा घेतला. बाहेरच्या दुरुस्तीमुळे व्यापक धोका निर्माण झाल्याचे ठरवायला पुरेसा पुरावा नाही आणि मूळ उत्पादकांप्रमाणेच अनेक स्वतंत्र संस्थाही दर्जेदार व सुरक्षित सेवा देतात, असा त्याचा निष्कर्ष होता. याचा अर्थ दारे सताड उघडावीत असा नाही. कोणती दुरुस्ती कोणी करायची याची पायरी ठरवावी, एवढाच आहे. नळ्या, गाळण्या, रिंगा आणि धुणे हे केंद्रातील टेक्निशियनचे काम. पंप, झडपा, हीटर, वीजपुरवठ्याचा भाग हे प्रशिक्षित जैववैद्यकीय अभियंत्याचे. सॉफ्टवेअर आणि सुरक्षा यंत्रणेचे मूळ कॅलिब्रेशन कंपनीचे किंवा तिने प्रमाणित केलेल्याचे. आणि दुरुस्ती कोणीही केली तरी यंत्राची स्वयंचाचणी, स्वतंत्र मीटरने द्रवाची तपासणी, विद्युतगळतीची चाचणी आणि निर्जंतुकीकरण झाल्याशिवाय ते रुग्णाला लावता कामा नये.

खासगी भागीदारीची दुसरी बाजू

राष्ट्रीय कार्यक्रमात खासगी भागीदार यंत्रे, मनुष्यबळ, पाण्याचा प्लांट आणि साहित्य आणतो. सरकार जागा, वीज, पाणी देते आणि प्रत्येक डायलिसिसमागे पैसे मोजते. यात एक फायदा उघड आहे. यंत्र बंद राहिले तर भागीदाराचे उत्पन्न थांबते, त्यामुळे दुरुस्ती लवकर होण्याची शक्यता वाढते. पण याच गणितात उलटी ओढही असते. पैसे डायलिसिसच्या संख्येवर मिळतात, गुणवत्तेवर नाही. कुरकुरणारे यंत्र बाजूला काढण्यापेक्षा चालवत ठेवणे फायद्याचे ठरू शकते. सरकारी देयके थकली तर आधी पुढे ढकलला जातो तो कार्बन फिल्टरचा बदल, कारण तो बदलला नाही तरी अलार्म वाजत नाही.

म्हणून करारात यंत्रे किती काळ चालू राहिली यासोबतच पाण्याचे अहवाल, कॅलिब्रेशनच्या तारखा आणि अर्धवट राहिलेल्या डायलिसिसची संख्या यांचाही हिशेब मागायला हवा. देयके वेळेवर देणे ही सरकारची बाजू, नोंदी उघड ठेवणे ही भागीदाराची. राखीव यंत्राचाही विचार करारातच हवा. कावीळ ब असलेल्या रुग्णांसाठी वेगळे यंत्र ठेवावे लागते आणि केंद्रात असे एकच असेल तर ते बंद पडताच त्या रुग्णांना दुसऱ्या यंत्रावर सहज हलवता येत नाही.

विजेचेही तेच. वीज गेल्यावर यंत्राची बॅटरी साधारण पंधरा-वीस मिनिटे रक्ताचा पंप चालू ठेवते. ती संपली तर हाताने पंप फिरवून रक्त परत द्यावे लागते. ते जमले नाही तर नळ्यांतले सुमारे २०० मिलिलिटर रक्त गोठून वाया जाते आणि या रुग्णांमध्ये रक्त आधीच कमी असते. बॅटरी काही वर्षांत थकते. तिची चाचणी वीज जाण्याची वाट न पाहता करायची असते.

मोजायचे काय?

फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने डायलिसिस यंत्राचा समावेश औषध कायद्याखाली नियंत्रित उपकरणांत केला. उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद करण्यासाठी २०१५ पासून राष्ट्रीय कार्यक्रमही आहे. यंत्र बाजारात कसे येते आणि अपाय झाल्यावर काय करायचे, याची चौकट त्यामुळे तयार आहे. मधला काळ, म्हणजे यंत्राची सात-दहा वर्षांची रोजची चाकरी, मात्र प्रत्येक रुग्णालयाच्या मर्जीवर सोडलेली दिसते.

ही पोकळी भरायला नवा कायदा लागेलच असे नाही. प्रत्येक यंत्राच्या आत तासांचा मीटर असतो. ते महिन्याला किती तास चालले, किती दिवस बंद होते, कोणत्या भागासाठी थांबले, एवढी माहिती जिल्ह्याने प्रसिद्ध केली तरी चित्र बदलेल. एकाच झडपेसाठी दहा जिल्ह्यांतील यंत्रे थांबली आहेत हे दिसले, तर ती झडप विभागीय पातळीवर साठवून ठेवता येईल. डायलिसिस टेक्निशियनच्या रिक्त जागा आणि बंद यंत्रे यांचा संबंधही त्यातून समोर येईल.

रुग्ण आणि नातेवाइकांनाही काही गोष्टी विचारता येतात. आज पाण्यातील क्लोरिन तपासले का? यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली? डायलिसिस लवकर का थांबवला आणि त्याची नोंद फाइलमध्ये आहे का? केंद्र बंद पडले तर जवळचे पर्यायी केंद्र कोणते? हे प्रश्न विचारणे म्हणजे कर्मचाऱ्यांवर अविश्वास नव्हे. डायलिसिसची फाइल, ताजे रक्ततपासणी अहवाल आणि कावीळ तपासणीचा कागद हाताशी ठेवला, तर दुसऱ्या केंद्रात लवकर जागा मिळू शकते. पाळी हुकलीच, तर पाणी आणि मीठ आणखी आवरावे. केळी, शहाळ्याचे पाणी, सुकामेवा असे पोटॅशियम असलेले पदार्थ टाळावेत आणि आपल्या डॉक्टरांना लगेच कळवावे. धाप, छातीत धडधड किंवा हातापायांत अचानक अशक्तपणा जाणवला, तर पुढच्या पाळीची वाट न पाहता थेट आपत्कालीन विभाग गाठावा.

नव्या केंद्रांची घोषणा यापुढेही होत राहील आणि गरज पाहता ती व्हायलाही हवी. मात्र पुढच्या वेळी यंत्रांचा आकडा सांगताना त्याशेजारी आणखी दोन आकडे असावेत: आधीची यंत्रे गेल्या वर्षी किती तास चालली आणि बिघडलेले यंत्र सरासरी किती दिवसांत पुन्हा सुरू झाले. आठवड्यातून तीनदा त्या यंत्रावर जीव सोपवणाऱ्या माणसाला हे दोन आकडे मागण्याचा पूर्ण अधिकार आहे.